सोळंके मॅडम, दहापैकी

माझ्या वडिलांना सोळंके मॅडमनी दहापैकी चार दिले तेव्हा मला त्यांच्या वसतिगृहात येऊन पुरता तासही झाला नव्हता. वडिलांनी औशाहून माझी पेटी, गादी आणि शेंगाच्या चटणीचा डबा तीन जिने चढवून आणला होता. निघताना ते मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, पोरगी साधी आहे, जरा जपा. म्हणता म्हणता ते रडले आणि डोळे पुसत जिना उतरून गेले. मॅडम खिडकीपाशी गेल्या, ते रस्ता ओलांडेपर्यंत पाहत राहिल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, "चार."

मला काही कळेना. मी विचारलं, काय चार.

"तुझा बाप. रडला बरा, पण माझ्याकडं बघून रडला. तुझ्याकडं बघून रडला असता तर सहा दिले असते."

त्या दिवशी मी त्यांचा जो राग धरला तो आजही पूर्ण उतरलेला नाही. आणि त्याच बाईनं आपल्याला एकदा तरी बरं म्हणावं म्हणून पुढची दोन वर्षं मी जीव टाकला, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय मॅडम सांगता येणार नाहीत.

लातुरात क्लासेसच्या गल्लीमागे, एका खताच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ते मुलींचं वसतिगृह होतं. आम्ही चाळीस जणी, डॉक्टर व्हायच्या इराद्यानं गावोगावहून आलेल्या, बऱ्याचशा दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या. मॅडम तिथल्या रेक्टर. मुलींची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. ज्या तालुक्याची मुलगी त्या तालुक्याच्या नावानं हाक: ए निलंगा, ए उदगीर, ए औसा. एका तालुक्याच्या दोघी आल्या की दुसरीला शेजारच्या तालुक्यात ढकलून त्या मोकळ्या व्हायच्या. रेणापूरची एक मुलगी पूर्ण दोन वर्षं चाकूर म्हणून राहिली आणि शेवटी शेवटी स्वतःही तसंच सांगायला लागली.

दिसायला बुटक्या, अंगानं भरलेल्या, मेंदीनं केस तांबूस झालेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेखाली कायम लवंग. मूळच्या हदगावच्या. तिकडच्या एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवत होत्या. आज ना उद्या पगार सुरू होईल म्हणून वर्षानुवर्षं फुकट शिकवलं आणि एके दिवशी खडू टेबलावर ठेवून लातूरला निघून आल्या. नवरा हदगावलाच राहिला. माझ्या देखत तो एकदाच आला. गेटजवळच्या खुर्चीवर बसला, चहा प्यायला, घराच्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि निघाला. अर्ध्या तासात दोघं मिळून पाच वाक्यं बोलले असतील. उदगीरच्या मुलीनं धीर करून विचारलं, मॅडम, सरांना किती? मॅडमनी जरा विचार केला. "पाच," म्हणाल्या. "उपद्रव न्हाई."

आमचे मोबाइल त्यांच्या ताब्यात असत. ऑफिसात तांदळाचा मोठा स्टीलचा डबा होता, त्यात चाळीस मोबाइल. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर तालुका आणि उघडायचा नंबर. घरून काही बरंवाईट कळलं तर उघडता आलं पाहिजे, असा नियम होता आणि आमच्या आईबापांनी त्यावर खुशीनं सह्या केल्या होत्या. शनिवारी मॅडम सगळे चार्ज करून ठेवायच्या. रविवारी चार ते साडेचार मोबाइल हातात मिळे, मग परत डब्यात.

आम्ही सकाळी साडेसातला क्लासला गेलो की मॅडमचा दिवस सुरू होई. तांब्याला मोबाइल टेकवून, खाटेवर मांडी घालून त्या कोरियन मालिका पाहायच्या. कोरियन बहुतेक, चिनी काही, थायलंडच्या क्वचित, आणि सगळ्या प्रेमाच्या. हा नाद त्यांना उदगीरच्याच एका जुन्या मुलीच्या जप्त मोबाइलवरून लागला असं ऐकून होते. हिंदीत डब केलेलं त्यांना चालत नसे. "आवाज कानपूरचा अन् थोबाड कोरियाचं, कसं पटावं," म्हणायच्या. खाली येणारी इंग्रजी अक्षरं त्या थांबवून थांबवून वाचत, म्हणून एका तासाचा भाग त्यांना अडीच तास पुरे. पाहून झाला की जाड पुठ्ठ्याच्या वहीत नोंद: मालिकेचं नाव, भाग, दहापैकी किती आणि एका ओळीचा शेरा.

ती वही आम्हाला उघडायची परवानगी नव्हती, पण शेरे त्या जेवताना ऐकवत. सोळा भागांत एकदा हात धरला, तोही नाडी बघायला, दोन. नायक श्रीमंत आहे एवढं सोडून त्याला दुसरा गुण नाही, तीन. जगात लोक ज्या मालिकेला नऊ-साडेनऊ देतात ती मॅडमच्या वहीत चारच्या वर क्वचित चढे. "हे नऊ देणारे लोक हायेत कोण?" त्या विचारायच्या. "हिरोनं छत्री धरली की नऊ. छत्री तर आमच्या हदगावच्या बाजारात म्हशीवर बी धरतेत." एका वेबसाइटवर त्यांचं खातं होतं आणि तिथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या आपलं मत टाकायच्या. मनिलाच्या कुठल्याशा बाईनं चिडून त्यांना लिहिलं होतं की तुम्हाला हृदय आहे की नाही. हे त्यांनी आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं. "मी लिहून टाकलं, हाय, पण स्वस्त न्हाई."

रविवारी पाच वाजता मेसमध्ये आम्ही आठवड्याचा लसूण सोलायला गोलात बसत असू आणि मॅडम त्या आठवड्यात पाहिलेली मालिका आम्हाला सांगत. मोबाइल नाही, टीव्ही नाही, बाहेर जायचं नाही. आमची करमणूक म्हणजे तेवढीच. आणि सांगायच्या फार सुंदर. पात्रांची नावं आमच्या तोंडात बसत नाहीत म्हणून लांब्या, गोरी, सासू अशी नावं ठेवायच्या. रुमालानं हात पुसणाऱ्या खाष्ट सासूचं काम करताना त्या खरोखर दहा वर्षांनी मोठ्या आणि श्रीमंत दिसायच्या. सोललेला लसूण हातात तसाच राहायचा.

भाग संपला की एकेकीनं दहापैकी आकडा सांगायचा आणि कारण द्यायचं. नुसतं आवडलं म्हटलं की त्या तुटून पडत. "आवडायला ते काय जिलेबी हाय? कारण सांग." मी जे काही वाचायला, बघायला, माणसं पारखायला शिकले ते त्या लसणाच्या गोलात, हे मी नाकारत नाही. दोघं एकदा समोरासमोर बसून बोलले असते तर जी कथा तिसऱ्या भागात संपली असती, ती गैरसमजावर सोळा भाग ओढणारा लेखक लबाड असतो, हे त्यांनी शिकवलं. तुझ्या भल्यासाठी तुला सोडतो म्हणणारा नायक भित्रा असतो. शेवटच्या दोन भागांत कुणाला आजार झाला तर समजावं की लेखकाकडे सांगायला काही उरलेलं नाही. नायिकेला काम काय आहे ते विसरणाऱ्या मालिकेचे त्या सरळ दोन गुण कापत. "बाई डॉक्टर हाय म्हणून सांगितलं, अन् बारा भागांत एकाचा ताप बघितला न्हाई तिनं."

मग ही पारख मालिकांवरून माणसांवर उतरे. भेटायला येणाऱ्या आया, बाप, भाऊ, सगळ्यांना आकडे मिळत. निलंग्याची एक मुलगी चाचणीत मागे पडली म्हणून मेसमध्ये ताटावर रडायला लागली, तर मॅडम वाढता वाढता थांबल्या, तिचं रडणं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन. आवाज लई, पाणी कमी." सगळी मेस हसली. ती मुलगीसुद्धा नाक ओढत हसली. आपल्यावर नसला की क्रूरपणाची फार लवकर गोडी लागते. आम्हाला लागली होती. आम्ही एकमेकींच्या वेण्यांना, अक्षराला, घोरण्याला आकडे देत फिरायचो.

माझ्या दुसऱ्या वर्षी आलेली नायगावकडची सुषमा या सगळ्यात कमी बोलायची. बारीक अंगाची, चापून तेल लावलेली, हळूहळू जेवणारी. तिचीही दुसरी खेप. या वेळी सीट मिळाली नाही तर लग्न, असं तिच्या वडिलांनी पेटी उतरवतानाच सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं. त्यांना मॅडमनी दोन दिले होते. सुषमा चाचण्यांत पहिल्या पाचात असायची. दिवाळीनंतर ती घसरायला लागली, आठवी झाली, मग पंधरावी. मॅडमनी तिला ऑफिसात बोलावून दोनदा विचारलं. ती म्हणाली, काही नाही.

त्याच सुमारास एका रविवारी मॅडमनी नवी मालिका काढली. म्हणाल्या, ही अजून चालू आहे, शेवट आलेला नाही, तेव्हा दर रविवारी थोडी थोडी. नायिका समुद्राकाठच्या खेड्यातली, डॉक्टर व्हायला शहरात आलेली, वसतिगृहात राहणारी. तिथली रेक्टर मुलींचे मोबाइल काढून घेते. कोरियातही मोबाइल डब्यात ठेवतात याचं आमच्यापैकी एकीलाही आश्चर्य वाटलं नाही. आम्हाला वाटायचं, जगभर डॉक्टर असेच तयार करत असतील. नायक तिच्या गावचा, बोटींच्या मोटारी दुरुस्त करणारा, काळ्या हातांचा. तिच्या घरी त्याच्याबद्दल माहीत नाही. ती डॉक्टर होईपर्यंत तो थांबणार आहे. मोबाइल तिला आठवड्यातून एकदाच मिळतो हे ठाऊक असूनही तो रोज दोन वेळा तिला निरोप पाठवतो, आणि निरोप एकच. जेवलीस का.

"दुसरं काही न्हाई?" उदगीरनं विचारलं.

"दुसरं काही न्हाई," मॅडम म्हणाल्या. "दुपारी एकला जेवलीस का. संध्याकाळी आठला जेवलीस का. अन् ही रविवारी बसून सगळ्यांची उत्तरं देते. सोमवार, हो. मंगळवार, हो. बुधवार, न्हाई, भात कच्चा होता."

त्यांनी ते असं काही सांगितलं, मान तिरकी करून, बोटानं हवेत एकेक वार टिपत, की आम्ही लसणाच्या पाट्या बाजूला ठेवून हसलो. त्या रविवारी आकडे तीन-चारच्या पुढे गेले नाहीत. सुषमाची पाळी येण्याआधी जेवणाची घंटा झाली.

दुसऱ्या रविवारी त्यांनी नायक आणखी रंगवला. तिच्या वाढदिवसालाही त्यानं तेवढंच विचारलं. ती परीक्षेत मागे पडल्याचं तिनं कळवलं, त्यावरही त्यानं तेच विचारलं. मॅडमनी गोलावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी म्हणाले, एक. कारण विचारल्यावर म्हणाले, "हिरोला कुणीतरी दुसरा डायलॉग शिकवा. हा हिरो हाय का खानावळवाला?"

मॅडम हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसल्या. दोन वर्षांत त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. आणि म्हणाल्या, "औसा, तुला डोळा हाय." मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. माझ्या बापाला चार देणाऱ्या बाईनं मला हे दिलं होतं. त्या आठवड्यात माझं वाक्य सगळ्या वसतिगृहात फिरलं. ताट घेऊन रांगेत उभ्या मुली एकमेकींना घोगऱ्या आवाजात विचारायच्या, जेवलीस का, आणि खिदळायच्या. सुषमालाही कुणीतरी विचारलं. ती हो म्हणाली आणि ताट घेऊन कोपऱ्यात गेली.

तिसऱ्या रविवारी मोबाइल वाटायची पाळी माझी होती. डब्यातून एकेक काढून मी चिकटपट्टीवरचा तालुका वाचत होते. नायगावचा मोबाइल हातात घेतला तसा त्याचा पडदा उजळला. नाव होतं माधव वाइंडिंग. खाली निरोप होता, जेवलीस का. वेळ दुपारी एकची. त्याच्याखाली कालचा, परवाचा, सगळे तेच. बोअरच्या मोटारी वाइंडिंग करणारा कुणी माधव नायगावात बसून हे पाठवत होता, आणि मी त्याला खानावळवाला म्हटलं होतं. मी मान वर केली तर मॅडम दारात उभ्या होत्या. माझ्या हातातला मोबाइल त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं, जिभेखालची लवंग या गालातून त्या गालात सरकवली आणि आत गेल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. निदान सुषमाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पाच वाजता मी लसणाची पाटी घेऊन गोलात जाऊन बसले.

त्या दिवशी मॅडमनी कथा थोडक्यात आटोपली आणि आकडे माझ्यापासून सुरू केले. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मलाही माहीत होतं की सुषमा माझ्यापासून तीन जणी सोडून बसली आहे. मॅडम माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती नजर मला गमवायची नव्हती, याहून मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं. मी म्हणाले, "अर्धा." हशा झाला. मग दोन, एक, दोन, दीड. फिरत फिरत पाळी सुषमाकडे आली.

"नायगाव, तू सांग. किती?"

सुषमा लसूण सोलत होती. "दोन," ती म्हणाली.

"कारण?"

तिनं हातातली पाकळी सोलून पाटीत टाकली. मग खाली बघूनच म्हणाली, "त्याला कामधंदा न्हाई वाटतं. सारखं जेवणच विचारतो." मुली पुन्हा हसल्या आणि तीही त्यांच्यात हसली. मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला विचारलं.

पुढच्या रविवारी सुषमानं मोबाइल घेतला, पाच मिनिटांत परत केला आणि पुस्तक घेऊन गच्चीवर गेली. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा मोबाइल डब्यात काळा पडून होता, त्यावर एकही निरोप नव्हता. मॅडमनी लसणाच्या गोलात सांगितलं की ती मालिका मध्येच बंद पडली. उदगीर म्हणाली, बरं झालं, फार रटाळ होती. एवढ्यावर तो विषय संपला.

सुषमाला सीट मिळाली नाही, थोडक्या गुणांनी गेली. उन्हाळ्यात देगलूरकडे लग्न झाल्याचं कळलं. मलाही मिळाली नाही. मी औषधशास्त्राचा अभ्यास केला आणि आता नांदेडला एका मेडिकलवर काउंटरला उभी असते.

तिथेच ती एकदा आली, कडेवर मूल आणि हातात खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन. अंगानं भरली होती, मी आधी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. मी औषध काढता काढता इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी न राहवून म्हणाले की मला तेव्हा माहीत होतं, तिसऱ्या रविवारी.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," ती म्हणाली. "मॅडमचं काही वाटलं न्हाई गं. त्या तशाच. पण तुम्ही सगळ्या हसून राहिल्या होता. मला वाटलं, एवढ्या जणींना जे दिसतंय ते मलाच काऊन दिसत न्हाई." मग मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "तू अर्धा दिला होतास. ध्यानात हाय माझ्या." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं बाटली पिशवीत टाकली आणि गेली.

त्यानंतर वर्षभरानं एका लग्नाला मी हदगावला गेले आणि मॅडमच्या घरी जाऊन आले. का गेले हे मला नीट सांगता येणार नाही. भांडायला गेले असं तेव्हा वाटत होतं. वसतिगृहाच्या जिन्यावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, मुलानं त्यांना घरी आणलं होतं, नवरा तोवर वारला होता. मागच्या खोलीत खाटेवर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मेंदी सुटली होती आणि केस पांढरे सपाट झाले होते. मोबाइल तांब्यालाच टेकवलेला होता, काच तडकलेली, आवाज बंद. सुनेला आवाजाचा त्रास होतो म्हणाल्या.

"औसा," त्यांनी मला ओळखून म्हटलं. "बस. जाड झालीस."

डोळ्यांना आता बारीक दिसत नव्हतं. उशाखालची वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि वाचायला सांगितलं. जिला दोन वर्षं हात लावता आला नव्हता ती वही मी वाचायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मध्येच आकडा दुरुस्त करत होत्या, तीन न्हाई, अडीच कर. मी वाचता वाचता पानं भराभर मागे उलटत होते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापाशी आले. एका ओळीत मालिकेच्या नावाच्या जागी नायगाव लिहिलं होतं. भाग: चालू. दहापैकी नऊ. शेरा: रोज विचारतो.

मी ती वही पुढून मागून चाळली. साताच्या वर दुसरा आकडा नव्हता.

"मॅडम, नायगावला तुम्ही नऊ दिले होते?"

त्यांनी डोळे उघडले. नाकारतील असं मला वाटलं होतं. "हाव," त्या म्हणाल्या. "नऊचीच होती. लिहिणाऱ्या लोकांना सुचत न्हाई असलं."

"मग आमच्याकडून असं का करवून घेतलंत?"

"नऊ होती म्हणूनच," मॅडम म्हणाल्या, आणि लसणाच्या गोलात समजावून सांगायच्या तशाच समजावून सांगायला लागल्या. "चार-पाचचं प्रेम असतं ना, ते परीक्षेच्या आत आपोआप मरतं. मी किती पाहिले. हे मरणारं नव्हतं. ह्याला मारावं लागणार होतं. मी ओरडले असते तर अजून वाढलं असतं. हसण्यानं मरतं. अन् तू लई कामी आलीस."

मी म्हणाले की तिची सीटही गेली, मॅडम. तोही गेला आणि सीटही गेली.

त्या थोडा वेळ बंद आवाजातल्या मालिकेकडे पाहत राहिल्या. पडद्यावर कुणीतरी कुणासाठी भांड्यात काही शिजवत होतं. "कथा चांगली होती," त्या म्हणाल्या. "पोरगी कच्ची निघाली."

मला संताप आला, इतका की वही त्यांच्या अंगावर फेकावी असं वाटलं. मी ती नीट मिटून उशाखाली ठेवली. माझा अर्धा गुण त्याच गोलात दिला गेला होता, तेव्हा फेकायचा अधिकार मला नव्हता.

दोन वाजून गेले होते. पलीकडच्या खोलीत ताटं वाजत होती, मुलगा-सून आणि नातू जेवायला बसले होते, भाकरी मागितल्याचा आवाज आला. खाटेजवळच्या स्टुलावर सकाळचा चहाचा पेला होता, बाकी काही नव्हतं. मॅडमनी दाराकडे पाहिलं. मग मोबाइलकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि मी पाहते आहे हे लक्षात येताच पदर सारखा केला.

"निघालीस?" त्यांनी विचारलं.

"हो, गाडीची वेळ झाली," मी म्हणाले. मी उठले. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, एखादीनं आकडा सांगायच्या आधी पाहायच्या तशा. त्या कशाची वाट पाहत आहेत हे मला नीट कळत होतं, दोनच शब्द होते, माझ्या ओठांपर्यंत आले होते.

मी विचारलं नाही. दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले. हदगावच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागलेलीच होती.